हात पानावर का ठेवलाय

आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटचं १६३१ सालचं एक चित्र आहे, एक म्हातारी बाई मांडीवर भलंमोठं पुस्तक घेऊन वाचत बसलीय. चित्र तसं छोटंच, साधारण ६० बाय ४८ सेंटिमीटर, पण नेटवर ते इतकं फिरतं की तुम्ही कुठेतरी नक्की बघितलं असणार, आणि त्याच्यासोबतची कॅप्शनही वाचली असणार, तृप्त वार्धक्य, देवाच्या नामात रमलेलं म्हातारपण, आयुष्याची शांत संध्याकाळ, असं काहीतरी. मला ही कॅप्शन खटकते. त्या बाईवर ती अन्याय करते असं मला वाटतं, आणि सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी बायबलमधली म्हातारी माणसं ज्या मेहनतीने रंगवली त्या मेहनतीवरही करते, आणि आज जी म्हातारी माणसं आपल्या घरात किंवा आपल्यापासून लांब एकेकटी राहतायत त्यांच्यावरही.

चित्र झूम करून बघा. चेहरा जवळपास पूर्ण सावलीत आहे. उजेड येतो तो तिच्या मागच्या बाजूने, आणि पडतो कुठे तर पुस्तकाच्या पानावर आणि पानावर पालथ्या ठेवलेल्या तिच्या उजव्या हातावर. म्हणजे चोवीस-पंचवीस वर्षांच्या चित्रकाराने ठरवलंय की या बाईच्या चेहऱ्यावरचे भाव तुम्हाला आयते मिळणार नाहीत, तुम्ही हात बघा. त्या हातावरची कातडी सुरकुतून पातळ झालीय, शिरा दिसतायत. पुस्तकातली अक्षरं हिब्रूसारखी वाटतात पण एकही शब्द वाचता येत नाही. आणि हात पानावर नुसता टेकलेला नाही, तो ओळ धरून ठेवतोय.

हे मला कळलं ते माझ्या आजीमुळे. ती पोथी वाचायची तेव्हा बोट ओळीवर ठेवायची आणि मध्येच कुणी हाक मारली तर मान वर करायची पण बोट उचलायची नाही, कारण बोट उचललं की ओळ हरवायची आणि ती परत सापडायला पाच मिनिटं जायची, डोळ्यात मोतीबिंदू, हातात भिंग. आम्ही पोरं म्हणायचो आजी किती तल्लीन झालीय. तल्लीन असेलही, पण त्या बोटात तल्लीनता कमी आणि चिकाटी जास्त होती, आणि हे समजायला मला खूप वर्षं लागली. रेम्ब्रांटच्या बाईचा हात बघितला की मला तेच दिसतं, की वाचणं हे आता तिच्यासाठी अंगमेहनतीचं काम झालंय आणि ती ते काम सोडत नाहीये.

ही बाई कोण? शंभर-दीडशे वर्षांपूर्वी सगळे हिला बेधडक रेम्ब्रांटची आई म्हणायचे, रेम्ब्रांटच्या लायडनच्या काळातली कुठलीही म्हातारी दिसली की ती त्याची आईच. आता अभ्यासक म्हणतात की बहुतेक ही लूकच्या शुभवर्तमानातली संदेष्टी हन्ना असावी, मंदिर न सोडता रात्रंदिवस उपास आणि प्रार्थना करणारी चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा. बाळ येशूला मंदिरात आणतात तेव्हा ती तिथे असते, आणि शिमोन नावाचा भाविक माणूसही असतो. यात एक गोष्ट मला कायम विचारात पाडते. लूकने शिमोनचं वय कुठेही सांगितलेलं नाही. मसीहाला बघितल्याशिवाय तुला मरण येणार नाही असं त्याला वचन होतं आणि बाळाला हातात घेऊन तो म्हणतो की आता मला शांतीने जाऊ दे, एवढ्यावरून परंपरेने त्याला म्हातारा केला. वय सांगितलंय ते हन्नाचं. पण या प्रसंगाची चित्रं बघा, मध्यभागी पांढऱ्या दाढीचा शिमोन, उजेड त्याच्यावर, बाळ त्याच्या हातात, आणि हन्ना बऱ्याचदा मागे कुठेतरी. म्हणून १६३१ च्या चित्रातली बाई खरंच हन्ना असेल तर रेम्ब्रांटने केलेलं काम मोठं आहे, तिला त्या गर्दीतून बाहेर काढून एकटीला बसवलं आणि तिच्या हाताला सगळा उजेड दिला.

त्याच सुमाराला त्याचा पहिला शिष्य गेरिट डाऊ यानेही एक वाचणारी म्हातारी रंगवली, तीही राइक्समध्येच आहे. डाऊ १६२८ मध्ये चौदाव्या वर्षी रेम्ब्रांटकडे शिकायला आला होता. त्याच्या चित्रात मजकूर इतका स्वच्छ आहे की आपल्यालाही वाचता येतो, लूकचा एकोणिसावा अध्याय, म्हणजे जक्कयची गोष्ट, जो आपली अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला निघतो. आणि हे वाचणाऱ्या बाईच्या अंगावर भारी फर आणि महागडे कपडे. डाऊचं कसब अफाट आहे, एकेक सुरकुती मोजून घ्यावी असं. पण त्याच्यात मला म्हातारपण बाहेरून दिसतं, कातडीसारखं. रेम्ब्रांटच्या चित्रात ते आतून येतं. हे माझं मत आहे, डाऊवर प्रेम करणारे लोक आहेत आणि त्यांच्याकडे त्यांची कारणं आहेत.

आता मुद्द्याचं चित्र. १६२६, रेम्ब्रांट वीस वर्षांचा. छोटंसं पॅनल, साधारण ४० बाय ३० सेंटिमीटर, तोबित आणि त्याची बायको. गोष्ट अशी. तोबित निनवेत राहणारा धार्मिक यहुदी, दानधर्म करणारा, राजाचा रोष पत्करून बेवारस मेलेल्या आपल्या लोकांना पुरणारा. एकदा उघड्यावर झोपलेला असताना चिमण्यांची विष्ठा डोळ्यात पडून तो आंधळा होतो, कमाई थांबते, आणि घर चालवते त्याची बायको अ‍ॅना (नाव मुळात हन्नाच, तेच), विणकाम करून मजुरीवर. एक दिवस मालक खूश होऊन मजुरीच्या वर एक करडू देतात. ती ते घरी आणते, करडू ओरडतं, आणि आंधळा तोबित म्हणतो हे चोरून आणलंस, परत देऊन ये. ती सांगते की बक्षीस मिळालंय, तो विश्वास ठेवत नाही. मग ती जे बोलते ते मला सगळ्या बायबलमधल्या सगळ्यात खऱ्या वाक्यांपैकी एक वाटतं, अर्थ असा की कुठे गेला तुझा दानधर्म, कुठे गेली तुझी पुण्याई, आता कळलं तू कसा आहेस ते.

थांबून विचार करा. गोष्टीतला भक्त तोबित आहे. आंधळा, म्हातारा, देवाला कधीही न सोडलेला. आणि तोच चुकीचा आहे. त्याचा धार्मिकपणाच त्याला संशयी बनवतो, पापाची इतकी भीती की दिवसभर राबून आलेल्या बायकोवर चोरीचा आळ. रेम्ब्रांटच्या चित्रात तो खुर्चीत बसून हात एकमेकांत गुंतवून वर तोंड करून प्रार्थना करतोय, अंगावर फाटके झालेले पण एकेकाळचे चांगले कपडे, आंधळे डोळे. आणि अ‍ॅना करडू धरून उभी आहे आणि त्याच्याकडे बघतेय, डोळे मोठे झालेले, जणू हा माणूस इतकी वर्षं सोबत राहून तिला आत्ता पहिल्यांदा दिसला. देवाशी बोलणारा एक म्हातारा आणि त्याच्याशी बोलायला आलेली एक म्हातारी, आणि त्या छोट्या खोलीत दोघांच्या मध्ये ते करडू. याला शांत वार्धक्य कोण म्हणेल? पण वर फक्त 'प्रार्थना करणारा वृद्ध' असं लिहून हेही चित्र फिरतं, आणि मग बघणारा तोबितच्या बाजूने उभा राहतो, अ‍ॅना काय करतेय हे विचारतही नाही.

हे सगळं घरात घडतंय ही गोष्टही महत्त्वाची आहे. १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये मूर्तिभंजनाची लाट आली, चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं फोडली, आणि पुढे कॅल्विनपंथी (म्हणजे कडक प्रोटेस्टंट) चर्चच्या भिंती पांढऱ्या आणि रिकाम्या झाल्या. वेदीमागे चित्र लावायची सोय राहिली नाही. मग बायबलची चित्रं लोकांच्या घरात गेली, बैठकीच्या खोलीत टांगायच्या आकाराची झाली, आणि चित्रातला प्रसंगही चुलीजवळ, खिडकीपाशी यायला लागला. तोबितचं पुस्तक तर कॅल्विनपंथीयांच्या मते देवाचं वचन नव्हतंच, १६३७ च्या अधिकृत डच बायबलमध्ये ते आणि त्याच्यासारखी पुस्तकं सगळ्यात शेवटी टाकली, वर इशारा देऊन. तरीही रेम्ब्रांट आयुष्यभर या आंधळ्या म्हाताऱ्याकडे परत परत जातो, चित्रं, रेखाटनं, एचिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर घेतलेला छाप). मला वाटतं त्याला तिथे जे मिळालं ते इतर कुठे नव्हतं, की देवावरची श्रद्धा पक्की असूनही माणूस घरात कसा वागतो हा प्रश्न उरतोच.

१६५१ च्या एचिंगमध्ये तर हद्द आहे. मुलगा तोबियास खूप दिवसांनी परत आलाय, त्याचा कुत्रा आधी घरात पळत आलाय आणि बापाच्या पायात घुटमळतोय. म्हातारा धडपडून उठलाय, चरखा उलटा पडलाय, आणि तो हात पुढे करून दाराकडे निघालाय, पण दार तिथे नाहीये. तो भिंतीकडे चाललाय, दार बाजूला राहिलंय, आणि भिंतीवर त्याचीच सावली त्याच्यासमोर उभी. तळहाताएवढ्या कागदावर हे सगळं. मुलगा येतोय हा आनंद आणि दार सापडत नाही ही असहायता, एकाच पावलात. आणि पुढे मुलगा बापाचे डोळे बरे करतो तो प्रसंग गोष्टीत माशाच्या पित्ताने होतो, पण रेम्ब्रांटची रेखाटनं बघितली तर ते मोतीबिंदूचं ऑपरेशन वाटतं, बापाचं डोकं मागे धरलंय, मुलगा त्याच्या डोळ्याशी हलक्या हाताने काहीतरी करतोय, बाकीचे वाकून बघतायत. चमत्कार आहेच, पण कुणीतरी डोकं धरून ठेवायला लागतंय.

म्हातारपण म्हणजे पावित्र्य असंही ही चित्रं म्हणत नाहीत. सुसान्नाच्या गोष्टीतले दोन वडीलधारे हे समाजाने नेमलेले न्यायाधीश, मान असलेले, आणि बर्लिनमधल्या १६४७ च्या चित्रात त्यातला एक आंघोळीला उतरणाऱ्या सुसान्नाच्या अंगावरचं वस्त्र खेचतोय. पांढरी दाढी इथेही आहेच. जे लोक म्हणतात की त्या काळी वृद्धांचा आदर होता आणि म्हणून ती चित्रं तशी, त्यांनी हे चित्रही शेजारी लावून बघावं.

म्हाताऱ्या बायकांचं काय होतं याकडे मी जरा जास्त लक्ष देतो हे खरं. १६५६ चं रेम्ब्रांटचं एक एचिंग आहे, अब्राहाम आणि देवदूत. याचा आपल्याकडच्या कलेशी थेट संबंध आहे आणि तो फार लोकांना माहीत नसतो. रेम्ब्रांटने मुघल लघुचित्रांवरून दोन डझनाच्या आसपास रेखाटनं केली होती, त्यातलं एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, झाडाखाली बसलेले चार म्हातारे धर्मपुरुष. ज्या मुघल चित्रावरून ते केलं ते आता व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात आहे. आणि हीच मांडणी घेऊन त्याने अब्राहामाच्या दारातली पंगत बसवली, पाहुणे म्हणून आलेले देवदूत जमिनीवर, मध्ये खाणं, आणि शंभरीला आलेला अब्राहाम वाकून वाढतोय. हिंदुस्थानातल्या म्हाताऱ्या संतांची बैठक डच बायबलमध्ये जाऊन बसली, मला याचा खूप आनंद होतो. पण अब्राहामाची बायको सारा कुठे आहे? दाराच्या आड, अंधारात, ऐकतेय. नव्वद वर्षांची बाई, जिला मूल होणार असं तिथे सांगितलं जातंय आणि जी ते ऐकून मनातल्या मनात हसते. बायबलमध्येच ती तंबूच्या दाराशी आहे, त्यामुळे रेम्ब्रांटने तिला तिथे ठेवलं यात त्याचा दोष नाही, पण ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय ते शरीर तिचं आहे आणि पंगतीत ती नाही.

निकोलास मास हा रेम्ब्रांटचाच शिष्य, त्याचं १६५६ च्या आसपासचं चित्र डच लोकांना पाठ आहे, जेवणाआधी प्रार्थना करणारी एकटी म्हातारी, डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि खाली मांजर टेबलक्लॉथ ओढतंय. कुठल्याही क्षणी सगळं जेवण खाली येणार. लोक याचा अर्थ लावतात की मांजर म्हणजे जगातला मोह आणि बाई त्याला बधत नाही. असेल. पण मला तिथे ताट एकाचं आहे हेच आधी दिसतं. घरात दुसरं कुणी असतं तर मांजर हाकललं असतं. याच मासने वॉशिंग्टनमध्ये असलेल्या दुसऱ्या चित्रात पुस्तकावर डुलकी लागलेली म्हातारी रंगवलीय, चष्मा हातात, पुस्तक मांडीवर, आणि तिला आळसाचं प्रतीक म्हणणारे आहेत, म्हणजे धर्मग्रंथ वाचता वाचता झोपली म्हणून दोषी. मला हे अजिबात पटत नाही. ज्या बाईने चष्मा लावून पुस्तक उघडलं आणि शरीराने दगा दिला तिला आळशी कोण म्हणतं, जो कधी सत्तरीच्या माणसासोबत दुपारी बसला नाही तोच.

आणि एक चित्र बायबलचं नाही पण सांगायला हवं. हार्लेममध्ये म्हाताऱ्या पुरुषांचा आश्रम होता, त्याच्या विश्वस्तांचं एक आणि व्यवस्था बघणाऱ्या बायकांचं एक अशी दोन ग्रुप पोर्ट्रेट्स फ्रान्स हाल्सने १६६४ च्या सुमाराला रंगवली, तेव्हा तो स्वतः ऐंशीच्या पुढे होता आणि शहराकडून मिळणाऱ्या वर्षाला २०० गिल्डरच्या मदतीवर जगत होता. आज त्याच आश्रमाच्या इमारतीत त्याच्या नावाचं म्युझियम आहे. चित्रं ग्रेट आहेत. पण आश्रमात राहणारे म्हातारे त्यात नाहीत. ज्यांनी पोसलं ते आहेत. गरीब म्हाताऱ्या माणसाला डच चित्रात यायचं तर त्याला बहुतेक संदेष्टा किंवा प्रेषित व्हावं लागायचं, १६३० च्या आसपास लायडनमध्ये रेम्ब्रांट आणि त्याच्याच वयाचा चित्रकार लीव्हन्स दोघांच्याही चित्रांत एकच दाढीवाला म्हातारा मॉडेल पुन्हा पुन्हा दिसतो, त्याचं नाव कुणाला माहीत नाही. तो पवित्र ग्रंथातला झाला म्हणून उरला.

आता हा आजचा प्रश्न का आहे ते सांगतो. नेदरलँड्सच्या सरकारी आकडेवारीनुसार २०१७ मध्ये पहिल्यांदाच कुठल्याही धर्मसंस्थेत असणारे लोक निम्म्याहून कमी झाले. म्हणजे राइक्समध्ये येणाऱ्या डच तरुणालाच हन्ना कोण, तोबित कोण हे घरून माहीत असेलच असं नाही, आणि मग आपल्यासारख्या बाहेरच्यांना तर नाहीच. अशा वेळी सोपा रस्ता असतो की गोष्ट सोडा, मानवी भावना घ्या, सुरकुत्या किती सुंदर, प्रकाश किती हळवा. म्हणजे भक्ती काढून टाकली आणि म्हातारपण गोड केलं. याच्या उलट बाजूला धार्मिक लोक आहेत ते म्हणतात बघा श्रद्धेने म्हातारपण कसं सुंदर होतं. दोघांचं पोस्टर एकच तयार होतं. गोष्ट नीट सांगितली की दोन्ही पोस्टरं फाटतात, कारण गोष्टीत तोबित चुकतो, अ‍ॅना भांडते आणि सारा दाराआड हसते.

आणि त्याच देशात गेली काही वर्षं 'पूर्ण झालेलं आयुष्य' हा वाद चालू आहे. २०१६ मध्ये सरकारने तसा विचार मांडला आणि २०२० मध्ये पिया डाइक्स्त्रा या खासदारांनी संसदेत विधेयक आणलं, की पंचाहत्तरीच्या पुढचा माणूस आजारी नसला तरी माझं आयुष्य पूर्ण झालं असं म्हणाला तर त्याला मरणासाठी कायद्याने मदत मिळावी का. कायदा व्हावा की न व्हावा हे मी इथे ठरवत नाही, तो त्यांचा प्रश्न आहे आणि जड आहे. पण सरकारनेच करून घेतलेल्या अभ्यासात अशी इच्छा असणाऱ्या लोकांनी एकटेपणा, पैशाची काळजी, दुसऱ्यावर ओझं होण्याची भीती हे सांगितलं. मला ओझं हा शब्द टोचतो. म्हातारपण शांत, आपल्यात रमलेलं, कुणाला त्रास न देणारं असावं हे चित्र आपण सगळीकडे लावून ठेवलंय, मग ज्याचं म्हातारपण तसं नाही त्याला आपणच चुकलो असं वाटणार. बायबलमधल्या या म्हाताऱ्यांपैकी कुणाचंच म्हातारपण तसं नाही, सगळ्यांना कुणीतरी लागतं, सगळे कुणालातरी त्रास देतात.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे आणि ते म्युझियमवाल्यांनाही आहे आणि चित्र शेअर करणाऱ्या तुम्हा-आम्हालाही. गोष्ट लिहा. पूर्ण लिहा. तोबितच्या चित्राखाली अ‍ॅनाचा प्रश्न लिहा, तिच्याच शब्दांत. आणि वाचणाऱ्या बाईला निदान हन्ना म्हणा, बहुतेक हन्ना असं म्हणा, चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा आहे हे लिहा. त्याला चार ओळी लागतात. आस्तिक-नास्तिक कुणाचंही त्यात नुकसान नाही.

शिमोनवर येऊन थांबतो. हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये १६३१ चं एक आहे, उंचच उंच मंदिर आणि त्यात उजेडातली छोटीशी माणसं. आणि स्टॉकहोमला एक आहे ते १६६९ चं, रेम्ब्रांट ४ ऑक्टोबर १६६९ ला गेला तेव्हा स्टुडिओत अर्धवट राहिलेलं. आदल्या वर्षी त्याचा मुलगा टायटस गेला होता, त्याची सोबतीण हेन्ड्रिक्ये त्याच्या आधीच. या चित्रात मंदिर नाही, खांब नाहीत, जवळून दिसणारा एक म्हातारा आणि त्याच्या हातांवर बाळ. डोळे जवळपास मिटलेले. हात मात्र ताठ पुढे आलेत, बोटं लांब, ती बाळाला पकडत नाहीत, पकडायची ताकद असेल असं वाटतही नाही, बाळ त्याच्या हातांवर ठेवल्यासारखं आहे. कुणीतरी ठेवलंय. मागे अंधारात एक बाई उभी आहे, मरीया की हन्ना यावर एकमत नाही, आणि अनेक तज्ज्ञांच्या मते ती रेम्ब्रांटने रंगवलेलीच नाही, नंतर दुसऱ्या कुणीतरी घातली. मला नेहमी वाटतं की ज्याने तिला घातलं त्याला चित्र रिकामं वाटलं असणार, इतक्या जीर्ण हातांवर बाळ आहे आणि जवळ धरायला कुणीच नाही, हे त्याला बघवलं नसणार.